हास्केल, सहावा आठवडा: टर्मिनल एक सांगतो, एडिटर दुसरेच

पायथन आधीपासून येत असल्याने हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतील पॅटर्न मॅचिंग (मूल्याच्या रचनेनुसार कृती निवडणे) आणि टाइप (मूल्यांचे प्रकार) अंगवळणी पडायला तीन आठवडे पुरले. पुढचे तीन आठवडे मात्र भाषेभोवतीच्या साधनांनी खाल्ले. उद्दिष्ट साधे आहे: मराठी मजकुरात कोणता शब्द किती वेळा येतो, ते मोजणारा छोटा प्रोग्रॅम लिहिणे.

पहिली चूक माझीच. उबंटू २२.०४ वर मी ॲप्ट या उबंटूच्याच पॅकेज साधनाने जीएचसी हा हास्केलचा कंपायलर बसवला आणि तो ८.८.४, म्हणजे २०२० मधला, निघाला. एडिटरला टाइप दाखवणारा हास्केल लँग्वेज सर्व्हर जीएचसीलाच लायब्ररी म्हणून वापरतो, त्यामुळे तो ज्या आवृत्तीसाठी बांधला असेल नेमक्या त्याच आवृत्तीचा कंपायलर त्याला लागतो, आणि नव्या सर्व्हरने ८.८ ला केव्हाच निरोप दिला आहे. मग जीएचसीअप या हास्केलच्या इन्स्टॉलरने ९.४.७ बसवला. टर्मिनलमध्ये आवृत्ती बरोबर दिसू लागली, पण एडिटर ८.८.४ चेच तुणतुणे वाजवत राहिला. दोन संध्याकाळी प्रोजेक्टच्या फायली उलटसुलट केल्यावर उलगडा झाला: नवा पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे, त्या फोल्डरांची यादी) मी बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंग फायलीत लिहिला होता, आणि डेस्कटॉपच्या मेनूतून उघडलेला एडिटर ती फाइल वाचतच नाही. तोच एडिटर टर्मिनलमधून उघडताच सर्व काही सुरळीत झाले. ॲप्टचा जीएचसी त्याच रात्री काढून टाकला.

त्यानंतर मोजणीसाठी डेटा.मॅप (शब्द आणि त्याची संख्या जोडीने ठेवणारा तक्ता) घेतला. जीएचसीआय या जीएचसीच्या संवादी रूपात तो विनातक्रार चालला, पण कबाल या बिल्ड साधनाच्या प्रोजेक्टमध्ये, डेटा.मॅप ज्यात असतो ते ‘कंटेनर्स’ हे पॅकेज लपलेले असल्याची त्रुटी आली. कबाल फक्त प्रोजेक्टच्या फायलीतील बिल्ड-डिपेंड्स या यादीत नोंदवलेलीच पॅकेजे प्रोग्रॅमला दाखवतो, हे तेव्हा कळले. त्रुटीच्या संदेशातच उपाय लिहिलेला होता. मी तो शेवटपर्यंत वाचला नव्हता, एवढेच.

सर्वांत फसवी अडचण मात्र साधनांची नव्हतीच. निकाल छापल्यावर ‘मराठी’ या शब्दाच्या जागी उलट्या तिरक्या रेघांसह २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ असे आकडे आले. एव्हाना प्रत्येक गोष्टीत संशय साधनांवरच घेण्याची सवय जडल्याने मी एक अख्खी संध्याकाळ लोकेल (सिस्टिमची भाषा आणि अक्षरांची सेटिंग) बदलण्यात घालवली. प्रत्यक्षात प्रिंट हे फंक्शन शो हे दुसरे फंक्शन वापरते, आणि शो ॲस्कीबाहेरचे (म्हणजे मूळ इंग्रजी संचाबाहेरचे) प्रत्येक अक्षर ठरवूनच त्याच्या युनिकोड क्रमांकाच्या रूपात दाखवते. मजकूर जसाच्या तसा छापणारे पुटस्ट्रएलएन वापरताच देवनागरी नीट उमटली.

सध्या गाडी लांबीपाशी अडली आहे. लेंग्थ हे लांबी मोजणारे फंक्शन युनिकोडचे कोडपॉइंट (वरच्यासारखे सुटे क्रमांक) मोजत असल्याने ‘क्षि’ची लांबी चार येते: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. वाचकाच्या दृष्टीने ते एकच अक्षर असल्याने आता टेक्स्ट-आयसीयू हे पॅकेज वापरून पाहणार आहे. ते सी आणि सी++ मधील आयसीयू या युनिकोड लायब्ररीवर उभे असल्यामुळे पुढच्या आठवड्यात लिंकरशी (प्रोग्रॅमला बाहेरच्या लायब्ररी जोडणाऱ्या साधनाशी) गाठ आहे.