अमाल, त्याची आई आणि तीन राजे

२१ डिसेंबर, रात्री

आज ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’ हा ऑपेरा पुन्हा बघितला. कृष्णधवल, १९५१ चं मूळ प्रक्षेपण. तेव्हा व्हिडिओ टेप नव्हती. थेट कार्यक्रम पडद्यावर चालू असताना समोर फिल्मचा कॅमेरा लावून तो टिपून ठेवत, आणि हेही तसंच टिपलेलं आहे. चित्र धुरकट आहे, आवाज मधूनच दबतो. तरी नंतरच्या रंगीत आवृत्त्यांपेक्षा मला हाच जास्त आवडतो. त्यात माणसं पहिल्यांदाच काहीतरी करून बघताहेत, आणि चुकलं तर परत घ्यायची सोय नाही.

२४ डिसेंबर १९५१, रात्रीचे साडेनऊ, न्यूयॉर्कमधला एनबीसी या वाहिनीचा स्टुडिओ ८-एच. १९५० पर्यंत याच जागेत विख्यात संगीतसंचालक तोस्कानिनी एनबीसीच्या वाद्यवृंदाचे कार्यक्रम करत. मग ती टीव्हीसाठी बदलून घेतली गेली. संगीत आणि संहिता दोन्ही ज्यान कार्लो मेनोत्ती यांचं. वाद्यवृंद चालवणारा थॉमस शिपर्स अवघा २१ वर्षांचा. अमाल झाला होता चेट ॲलन हा मुलगा, आणि आई रोझमेरी कूलमन. खास टीव्हीसाठी लिहिलेला अमेरिकेतला हा पहिलाच ऑपेरा. शुभेच्छापत्रं करणाऱ्या हॉलमार्क कंपनीनं तो प्रायोजित केला आणि त्यांची पुढे कित्येक वर्षं चाललेली मालिका इथूनच सुरू झाली.

मेनोत्तींना काम मिळालं होतं, पण विषय सुचत नव्हता. नाताळ जवळ येत चालला होता. अशात ते मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये हिंडत असताना बॉश या जुन्या चित्रकाराच्या एका चित्रापुढे थांबले. तान्ह्या येशूला भेटायला आलेले तीन राजे. ते बघताना त्यांना इटलीतलं बालपण आठवलं. तिथं त्यांच्या लहानपणी सांताक्लॉज नव्हता. मुलांना भेटी आणायचे ते हे तीन राजेच. राजांना बघायचं म्हणून ते आणि त्यांचा भाऊ रात्री जागे राहायची धडपड करायचे, आणि नेमके राजे येण्याआधी झोपी जायचे. पण दुरून येणारं गाणं आणि गोठलेल्या बर्फावर उंटांची पावलं आपण ऐकली आहेत, असं त्यांना पक्कं आठवायचं. भावाचा लाडका राजा कास्पार. तो जरासा वेडगळ आणि ठार बहिरा असणार, अशी भावाची खात्री होती, कारण मागितलेल्या सगळ्या वस्तू तो कधीच आणत नसे.

तो बहिरा कास्पार तसाच्या तसा ऑपेरात आला आहे. पोपट घेऊन फिरतो, आणि त्याच्याजवळ खणांची एक पेटी आहे. पहिल्या खणात जादूचे खडे, दुसऱ्यात मणी, आणि तिसऱ्यात ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या. अमालला त्या तिसऱ्या खणाचंच आकर्षण. या गाण्यावर लहान मुलं हमखास खुलतात. मला मात्र हा ऑपेरा कास्पारचा वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर अमालचाही वाटत नाही. तो आईचा आहे.

गोष्ट साधी आहे. अमाल कुबडी घेऊन चालणारा मुलगा, पावा वाजवतो आणि थापा मारण्यात पटाईत. (वाद्यवृंदात त्याचा पावा ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्यावर वाजतो.) बाप नाही. घरातली मेंढरं विकून झाली आहेत, चूल थंड आहे. आकाशात शेपटीचा एवढा मोठा तारा दिसतोय असं तो सांगतो, तेव्हा आईला ती नेहमीची थापच वाटते. दारावर थाप पडते. ती त्याला बघायला पाठवते. तो येऊन सांगतो, दारात राजा आहे. ती रागावते. पुन्हा पाठवते, तर दोन राजे. पुन्हा, तर तीन, आणि त्यातला एक काळा. शेवटी ती स्वतः उठते, आणि दारात खरंच तीन राजे. आपल्या संगीत नाटकात पद संपलं की गद्य संवाद सुरू होतो. इथे ‘जा, दार उघड’ हेसुद्धा गाऊनच. ती दाराची ये-जा गाण्यात इतकी चपळ बसली आहे की आपण काही गायलेलं ऐकतोय हे मी दर वेळी विसरते.

आणि मग ती जागा येते, जिच्यासाठी मी हे बघते. राजे ज्या बाळाच्या शोधात आहेत त्याचं वर्णन करतात. असं बाळ तुम्ही पाहिलंत का, असं विचारतात. गव्हासारखा रंग, पहाटेसारखा. आई म्हणते, हो, मी ओळखते त्याला. ती आपल्या मुलाबद्दल बोलत असते. ते चौघं एकमेकांशी बोलत नसतात, पण चौघांचे सूर एकत्र येतात आणि वर्णन एकच होऊन जातं. राजे म्हणतात, त्या बाळाच्या तळहातावर समुद्र आणि वारा आहे. आई म्हणते, मी ज्याला ओळखते त्याच्या तळहातावर माझं काळीज आहे. मेनोत्तींनी याच्यापेक्षा चांगलं काही लिहिलं असेल तर ते माझ्या ऐकण्यात नाही.

मग मेंढपाळ येतात, घरात असेल नसेल ते पाहुण्यांसाठी घेऊन. फळं, अक्रोड, चीज. नाचतात, निरोप घेतात. नाच मला थोडा लांबतो असं वाटतं.

सगळे झोपतात. आईला झोप नाही. राजांनी बाळासाठी आणलेलं सोनं समोर उघडं पडलेलं. हे सोनं कोणा अनोळखी बाळाला जाणार, ज्याला ते लागणारही नाही. श्रीमंतांना तरी ठाऊक असतं का, या सोन्यानं एका पोराचं पोट कसं भरतं, चूल कशी पेटते? हे ती स्वतःशी गाते, हळूच, कोणी जागं होऊ नये म्हणून दबक्या आवाजात. आणि गाता गाता जमिनीवरून सोन्याकडे सरकत जाते. ऑपेरात बायका प्रेमानं, मत्सरानं, वेडानं गातात. भुकेल्या पोराची आई चोरी करावी की नाही याचा हिशोब गाण्यात मांडते, असं मी दुसरीकडे पाहिलं नाही. कूलमनचा चेहरा अशा वेळी कॅमेरा अगदी जवळून दाखवतो. मोठ्या ऑपेरागृहात मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला तिचं नुसतं सरकणं दिसलं असतं. इथे घराघरांतल्या छोट्या पेटीच्या पडद्यावर, जेमतेम हातभर अंतरावर, तिचे डोळे दिसले. मेनोत्ती स्वतः म्हणत की लिहिताना आपल्या मनात रंगमंचच होता, टीव्ही नव्हता. असेलही. पण झोपडी एक, माणसं मोजकी, आणि ऐन क्षणाला तिच्या चेहऱ्याशिवाय काही लागतच नाही. टीव्ही तेव्हा एवढंच नीट दाखवू शकत होता, आणि याला एवढंच हवं होतं.

हात सोन्याला लागतो, आणि राजांचा सेवक जागा होऊन चोर, चोर म्हणून ओरडतो. अमाल उठून त्याच्यावर तुटून पडतो. माझ्या आईनं चोरी केलेली नाही, खोटं मी बोलतो, चोर मी आहे, असं म्हणत राहतो. सुरुवातीला त्याच्या प्रत्येक शब्दावर आईनं अविश्वास दाखवलेला असतो. तोच आता तिचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतो. खोटं बोलून. इथे माझे डोळे भरून येतात, दर वेळी, आणि आजही आले.

२४ डिसेंबर

त्या दिवशी लिहिताना शेवट राहूनच गेला. तीन राजांपैकी मेल्खियोर आईला म्हणतो, राहू दे ते सोनं तुझ्याकडे. ज्या बाळाकडे आम्ही निघालोय त्याला याची गरज नाही. तो प्रेमावर राज्य उभं करणार आहे. ती सोनं परत करते. अशा राजाची मी आयुष्यभर वाट पाहिली, मी गरीब नसते तर माझीही काही भेट पाठवली असती, असं म्हणते. अमाल आपली कुबडी पुढे करतो. लागेल ती त्याला, मीच केलेली आहे. आणि तो चालू लागतो. मेनोत्तींचा लहानपणी एक पाय अधू होता. वारेसेजवळच्या साक्रो मोंतेच्या तीर्थस्थानी नेल्यावर तो बरा झाला, असं ते सांगत. त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं हा चमत्कार खराच असणार. माझ्या लेखी मोठी गोष्ट त्याच्या आधीच होऊन गेलेली असते. चोरी पकडली गेल्यावरही मेल्खियोर तिला सोनं देऊ करतो तिथे, आणि ती ते घेत नाही तिथे.

१९५३ साली हे रंगीत दाखवलं गेलं. तोवर चेट ॲलनचा आवाज फुटला होता, म्हणून बिल मॅकायव्हर नावाचा मुलगा आला. अमाल मुलानंच करायचा, बाईनं नाही, हा मेनोत्तींचा हट्ट होता आणि तो अगदी योग्य होता. दर नाताळला दाखवायचा पायंडा पडला. मग १९६३ साली एनबीसीनं मेनोत्ती परदेशात असताना नव्यानं चित्रमुद्रण करून घेतलं. त्यांना ते पसंत पडलं नाही. हक्कांची मुदत १९६६ मध्ये संपली आणि त्यांनी ते परत घेतले. त्यानंतर हे मुख्यतः चर्चमध्ये, शाळांत, हौशी मंडळींत जिवंत राहिलं. मला वाटतं, त्याला तेच घर जास्त मानवलं.

६ जानेवारीला गोव्यात रेईश मागूशला आणि कासावलीला तीन राजांचं फेस्त असतं. गावातलीच मुलं मुकुट घालून राजे होतात. अशी परंपरा जवळ असताना हा ऑपेरा मराठीत किंवा कोकणीत कुणी करावा, असं मला फार वाटतं. जेमतेम पाऊण तासाचा आहे, घर एक, गाणारी पात्रं सहा आणि मेंढपाळांचा मेळा. मूळच्या वाद्यवृंदाऐवजी पियानो चालतो. अमाल मिळेल, आपल्याकडे गाणारी पोरं पुष्कळ आहेत. आई मात्र शोधून काढावी लागेल. नाट्यगीतातली तयार गळ्याची बाई नको. सोन्याचं ते गाणं जवळजवळ कुजबुजत म्हणता येईल अशी हवी.