लाल शाईच्या चार नोंदी

१२ मार्च २०२० ला पलटणीच्या गेटमधून शेवटचा बाहेर पडलो, तेव्हा माझी नोकरी बारा वर्षं दहा महिने झाली होती. पेन्शनला पंधरा लागतात. हातात डिस्चार्ज बुक होतं आणि त्यात कारणाच्या रकान्यात 'अनडिझायरेबल'. म्हणजे फौजेला नकोसा झालेला माणूस. कोल्हापूर स्टेशनवर उतरलो, काळी ट्रंक हमालाकडून सीबीएस स्टँडपर्यंत आणली आणि शिरोळच्या एसटीत बसलो. दोन आठवड्यांच्या आत लॉकडाऊन लागला. गावातली माणसं 'छुट्टी वाढली काय रं?' एवढंच विचारायची. मी 'व्हय' म्हणायचो. तीन-चार महिने असेच निघाले.

फौजेत रेड एंट्री म्हणजे काय हे फौजीच्या घरात सगळ्यांना माहीत असतं, पण बाकीच्यांसाठी सांगतो. गुन्हा झाला की पेशी लागते, टोपी-बेल्ट काढून सीओ, म्हणजे पलटणीच्या प्रमुख साहेबांसमोर उभं करतात, आणि ठरावीक वरची शिक्षा झाली की ती तुमच्या कागदावर लाल शाईने चढते. अशा चार झाल्या की 'आता हा घरी जाणार' असं सगळी पलटण धरून चालते. मीही तेच धरून चाललो होतो. माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

माझ्या चारपैकी दोन नोंदींबद्दल मला काही म्हणायचं नाही. २०१४ ला बहिणीच्या लग्नानंतर पाच दिवस उशिरा गेलो. कारण काही नव्हतं, घर सोडवेना. २०१६ ला हवालदारांना उलट बोललो, चारचौघांत. शिक्षा बरोबर होती. पण २०११ ला आबांना अर्धांगाचा झटका आला होता, कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात नऊ दिवस त्यांच्या खाटेखाली चटई टाकून झोपलो. आणि २०१९ चा पूर.

माझी छुट्टी ५ ऑगस्टला संपत होती. त्या आठवड्यात पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली. आमच्या गावाला एका बाजूने कृष्णा आणि दुसऱ्या बाजूने पंचगंगा. आबांना उचलून शाळेच्या वरच्या मजल्यावर ठेवलं, म्हैस सोडून दिली, आईने देवाचे टाक पदरात बांधून घेतले. मोबाइल दुसऱ्या दिवशीच बंद पडला. चौथ्या दिवशी बोटी आल्या, त्यातली एक फौजेची होती. शाळेच्या जिन्याला दोर बांधायला मी पाण्यात उतरलो. बोटीवरचा जवान माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "गाठ फौजी मारी है. कौनसी पलटन?" मी सांगितलं. त्याने हसून सलाम केला. बोटीवर एक कॅप्टन साहेबही होते. आबांना, आईला आणि शेजारच्या सात-आठ जणांना त्यांनी नेलं.

त्या साहेबांकडून दोन ओळींची चिठ्ठी घेतली असती, की अमुक नंबरचा जवान पुरात अडकलाय, तर आज हे लिहायची वेळ आली नसती. सुचलंच नाही. पाणी ओसरल्यावर तलाठ्याकडून दाखला घ्यायचंही सुचलं नाही. १६ ऑगस्टला हजर झालो, अकरा दिवस उशिरा.

पेशीत विचारलं, उशीर झाला हे मान्य आहे का. म्हटलं, हो साहेब. चौदा दिवसांची शिक्षा मिळाली, चौथी लाल नोंद झाली.

जानेवारी २०२० मध्ये शो कॉज नोटीस आली, म्हणजे तुला घरी का पाठवू नये ते सांग. उत्तर कसं लिहायचं मला कळत नव्हतं. कंपनीच्या ऑफिसात एकाने इंग्रजीत तीन ओळी लिहून दिल्या: चूक झाली, पुन्हा होणार नाही, एक संधी द्यावी. मी सही केली. पूर, आबा, सीपीआर, काश्मीरमधल्या कुपवाड्यातली अडीच वर्षं, सिक्कीमची दोन वर्षं, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं.

घरी आल्यावरचं फार लिहीत नाही. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे घराच्या भिंती आणि कर्ज यात गेले. सिक्युरिटीच्या नोकरीला शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत हिंडलो. सगळीकडे आधी डिस्चार्ज बुक मागायचे, ते पान उघडलं की पुस्तक परत माझ्या हातात. शेवटी एका गोडाऊनवर रात्रपाळी मिळाली, तिथे पुस्तक दाखवलंच नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकाच्या ओळखपत्रासाठी गेलो, तर तिथल्या बाबूंनी खुर्चीवर बसवून नीट समजावलं. गैरवर्तनामुळे डिस्चार्ज झालेला माणूस नियमाने 'माजी सैनिक' या व्याख्येत बसत नाही. कॅन्टीन नाही, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची योजना नाही. ते वाईट वाटून सांगत होते, तरी बाहेर येऊन दसरा चौकात किती वेळ उभा होतो आठवत नाही.

वळण मिळालं ते २०२१ च्या पावसाळ्यात. शेजारच्या गावचे एक सुभेदारसाहेब, पेन्शनीवर येऊन वीस वर्षं झालेले, आबांना बघायला आले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. आबांसमोर काही बोलले नाहीत. बाहेर म्हशीजवळ येऊन म्हणाले, "पुस्तक आण बघू." ट्रंकेतून काढून दिलं. बराच वेळ वाचलं.

"कोर्ट मार्शल झालं होतं?"

"न्हाई तात्या."

"म्हंजे डिसमिस न्हाईस, डिस्चार्ज हाईस. मग असा मेल्यागत का बसलायस?"

हा फरक मला तोवर कुणी सांगितला नव्हता. बडतर्फ, म्हणजे डिसमिस झालेल्याची पेन्शन सर्वसाधारणपणे जातेच. आर्मी रूल १३ खाली डिस्चार्ज झालेल्याचा रस्ता तसा बंद होत नाही, फक्त माझी वर्षं कमी पडत होती. सहा-आठ महिने कमी असते तर सूट मागता आली असती, दोन वर्षं दोन महिन्यांना ती मिळत नाही. म्हणजे डिस्चार्जचा हुकूमच रद्द व्हायला हवा होता. आपल्याकडे डिस्चार्जचा शेरा बदलून देणारं वेगळं मंडळ नाही. आधी फौजेकडेच अर्ज, आणि तिथे नाही झालं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, ज्याला सगळे एएफटी किंवा लवाद म्हणतात. २००७ च्या कायद्याने ते झालं, महाराष्ट्रासाठी खंडपीठ मुंबईत आहे.

तात्यांनी पहिलं काम लावलं ते माहितीच्या अधिकाराचं. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, एक कागद. मागितलं काय, तर माझ्या शिक्षांच्या नोंदींची प्रत, शो कॉज नोटीस, माझं उत्तर, डिस्चार्जची शिफारस आणि त्याआधी झालेल्या प्राथमिक चौकशीचे कागद. शेवटचा मुद्दा तात्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

सव्वा महिन्याने जाड पाकीट आलं. गोडाऊनच्या केबिनमध्ये रात्री उघडलं. माझं आयुष्य झेरॉक्समध्ये बघताना हात थरथरत होते. झेरॉक्समध्ये लाल शाई काळीच दिसते. २०१९ च्या नोंदीपुढे इंग्रजीत 'रजेपेक्षा अकरा दिवस जास्त राहिला' एवढंच. आणि प्राथमिक चौकशीच्या मुद्द्यापुढे उत्तर होतं: असा कागद अभिलेखात उपलब्ध नाही.

त्या ओळीवर माझी केस उभी राहिली. कसबा बावड्याच्या कोर्टात काम करणाऱ्या एका वकिलांनी मला मुंबईत फौजी केसेस बघणाऱ्या वकीलबाईंकडे पाठवलं. त्या फोनवरच म्हणाल्या, "दादा, चार रेड एंट्री झाल्या म्हणून घरी पाठवलंच पाहिजे असा नियम नाही." सेना मुख्यालयाचं २८ डिसेंबर १९८८ चं धोरण आहे. डिस्चार्ज करण्याआधी निःपक्ष चौकशी व्हावी, प्रत्येक नोंद कशासाठी झाली ते बघावं, जवान पेन्शनजवळ आला असेल तर कठोर होऊ नये, किती वर्षं सेवा केली, कुठल्या अवघड ठिकाणी केली याचा विचार करावा, असं त्यात लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांच्या खटल्यात हेच धोरण धरून डिस्चार्ज रद्द केला होता.

पण बाईंनी दुसरी बाजूही तेवढीच स्वच्छ सांगितली, आणि हे इथे सांगणं मला फार गरजेचं वाटतं. व्हॉट्सॲपवर दुबे निकाल फिरवून 'चार एंट्रीवाले सगळे जिंकतात' म्हणणारे बरेच आहेत. तसं नाही. २०१९ च्या सतगुर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिस्चार्ज कायम ठेवला. त्या जवानाच्या नोंदी बऱ्याच होत्या आणि नोटिशीला त्याने धड उत्तर दिलं नव्हतं. "तुमच्या तीन ओळी ते तुमच्यावरच वापरतील," बाई म्हणाल्या.

डिसेंबर २०२१ मध्ये फौजेकडे अर्ज केला. सहा महिने उत्तर आलं नाही, तेव्हा लवादाचा दरवाजा उघडला. उशिराची मला भीती होती, पण कोरोनाच्या काळातली १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ ही मुदत सर्वोच्च न्यायालयाने मोजणीतून वगळली होती, त्याचा आधार मिळाला. फीचे पैसे उसाच्या बिलातून दोन हप्त्यांत दिले. जुलै २०२२ ला अर्ज दाखल झाला.

मधल्या काळात मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. तलाठ्याकडून २०१९ च्या पुराच्या पंचनाम्याची नक्कल काढली, त्यात आमचं घर पडझडीत आहे. सीपीआरमधून आबांच्या २०११ च्या ॲडमिशनचा कागद मागितला. जुनं रेकॉर्ड, चार हेलपाटे झाले, पण मिळाला. शाळेच्या मुख्याध्यापकांनी लिहून दिलं की मी कुटुंबासह शाळेत होतो. अकरा वर्षांनी, तीन वर्षांनी कागद गोळा करणं किती जड जातं ते सांगता येत नाही. त्याच वेळी घेतले असते तर एका दिवसाचं काम होतं.

तारखांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. समोरून उत्तराला मुदत, मग आमचं प्रत्युत्तर, मग पुढची तारीख. मी प्रत्येक वेळी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जायचो. वकीलबाई म्हणायच्या, यायची गरज नाही. मला घरी बसवत नव्हतं.

शेवटच्या सुनावणीला समोर दोन सदस्य होते, एक न्यायाधीश राहिलेले आणि एक फौजेतले निवृत्त वरिष्ठ अधिकारी. सरकारी वकिलांनी माझ्या तीन ओळी मोठ्याने वाचल्या. "कारण दिलेलंच नाही," म्हणाले. खरंच होतं. मी खाली बघत होतो. तेवढ्यात फौजेतल्या सदस्यांनी पंचनाम्याचा कागद उचलला, माझ्याकडे बघितलं आणि हिंदीत विचारलं, "बाढ़ के समय तुम गाँव में थे?"

"जी साहब."

"पेशी में बताया था?"

"किसी ने पूछा नहीं साहब. मैंने भी नहीं बताया."

त्यांनी मान हलवून काहीतरी लिहिलं. बारा वर्षं दहा महिन्यांच्या नोकरीत आणि त्यानंतरच्या चार वर्षांत, 'का उशीर झाला' हे अधिकाराच्या माणसाने विचारायची ती पहिली वेळ.

२०२४ च्या सुरुवातीला निकाल लागला. डिस्चार्ज रद्द. मे २०२२ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मी नोकरीत होतो असं धरायचं, त्या काळाचा पगार नाही, पण तिथून पुढे पेन्शन. आधी घेतलेली सर्व्हिस ग्रॅच्युइटी थकबाकीतून वळती करायची. चार लाल नोंदी मात्र तशाच आहेत. त्या पुसा असं आम्ही मागितलंही नव्हतं, कारण त्या घडल्या होत्या.

चार महिन्यांत अंमलबजावणी व्हायची होती, ती झाली नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा पत्रं. डिसेंबरमध्ये पीपीओ, म्हणजे पेन्शनचा हुकूम आला, पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर खातं उघडलं, आणि त्याच महिन्यात स्पीड पोस्टाने नवं डिस्चार्ज बुक. कारणाच्या रकान्यातला जुना शब्द गेलाय. कॅरेक्टरपुढे अजून 'फेअर' आहे, त्यासाठी वेगळा अर्ज दिलाय. ओळखपत्र झालं. आईचं नाव ईसीएचएसला लावलं. आबा २०२३ च्या दिवाळीआधी गेले. त्यांना मी शेवटपर्यंत 'पेन्शनीचा कागद वाटेत हाय' असंच सांगितलं होतं.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, म्हणून बरेच फौजी विचारतात की आता इथेच केस टाकता येईल का. डिस्चार्जची, पेन्शनची तक्रार आधी लवादातच जाते, आणि त्यासाठी मुंबई.

गेल्या पावसाळ्यात गल्लीतला एक पोरगा छुट्टीवर आला होता. दोन रेड एंट्री आधीच आहेत. जायच्या आदल्या दिवशी त्याच्या आईला सीपीआरला ॲडमिट केलं. रात्री फोन आला, "दादा, पलटणीतल्या दोस्ताला सांगितलंय, तो साहेबांना सांगंल." मी गोडाऊनची पाळी दुसऱ्याला दिली आणि मोटारसायकल काढली. वॉर्डातल्या डॉक्टरांकडून शिक्क्यासह दाखला घेतला. अर्ज मी सांगत गेलो, त्याने त्याच्या अक्षरात लिहिला: आई कुठल्या वॉर्डात आहे, घरात दुसरं कोण नाही, किती दिवस वाढवून पाहिजेत. सकाळी फोटो काढून कंपनीच्या सुभेदारसाहेबांना पाठवला, मूळ कागद स्पीड पोस्टाने टाकला, आणि टेंबलाईला टेरिटोरियल आर्मीच्या गेटवर जाऊन एक प्रत देऊन पोच मागितली. पोस्टाची पावती तो खिशात कोंबत होता. मी ती घेतली, सपाट केली आणि त्याच्या छुट्टीच्या कागदाला टाचणीने लावून दिली.