झोप की थकवा?

"सर, झोप येतीय आणि डोकं चालंना, ह्ये एकच का दोन?" आज सांगलीत ईईजीची (मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी) टोपी चढवून घेताना साखर कारखान्यातल्या रात्रपाळीच्या ऑपरेटरने विचारलं.

दोन! आणि मोजमापाची खरी अडचण तिथेच आहे.

मेंदू थकला की कपाळाच्या वरच्या बाजूला, मध्यरेषेवर, ४ ते ८ हर्ट्झच्या थीटा लहरी वाढतात. पण पेंग आली तरी थीटा वाढतोच. म्हणून सोबत डोळेही बघायचे. पेंगताना बुबुळं संथ डोलतात, डोळे मिटून जागं असताना दिसणारी अल्फा लहर विरत जाते.

त्याआधी डोकं स्वच्छ हवं. खोबरेल चोपडलेलं असेल तर टोपीखालचं जेल कातडीला भिडत नाही, इम्पिडन्स (तिथला विजेचा अडथळा) ५ किलोओहमच्या खाली येत नाही आणि विजेची ५० हर्ट्झची खरखर आत शिरते. आदल्या रात्री शाम्पू, सकाळी तेल नाही. घामाने लहरींची रेषा वरखाली सरकते, म्हणून पंखा हवाच.

कामाआधी दोन मिनिटं डोळे उघडे, दोन मिनिटं मिटलेले. कामानंतर पुन्हा तेच. तुलना त्याची त्याच्याशीच, शेजारच्याशी कधीच नाही.

सलग रात्रपाळ्या लावताना झोप आणि थकव्यातला हा फरक कुणी विचारात घेतं का?