मुलांना आजीजवळ ठेवून आम्ही दोघे इमॅजिकाला गेलो

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघे खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात गेलो होतो. त्या दिवशीच्या छायाचित्रांत मुले आहेत, मुलांबरोबर मी आहे, मुलांबरोबर माझे पती आहेत. पण आम्ही दोघे एकत्र असलेले एकही छायाचित्र नाही. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता आणि बहुतेक मोठ्या राइड्सवर त्याला प्रवेश नव्हता, त्यामुळे एकाने आत जायचे आणि दुसऱ्याने बाकावर पिशव्या, पाण्याच्या बाटल्या व पेंगुळलेले मूल सांभाळत बसायचे, असाच दिवस गेला. थोरली सात वर्षांची होती. ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरच्या प्रवेशाशी उंची मोजण्याची पट्टी असते. त्या पट्टीखाली टाचा उंचावूनही ती कमी पडली आणि तिथेच रडू लागली. तिला सोडून आत जाणे आम्हा दोघांनाही योग्य वाटले नाही. परतताना पती म्हणाले, “एकदा आपण दोघेच येऊ.” मी हो म्हटले आणि पुढची दोन वर्षे तो विषय तसाच राहिला.

यंदा लग्नाला बारा वर्षे झाली, तेव्हा तो पुन्हा निघाला. थोरलीच्या जन्मानंतर आम्ही दोघांनी मिळून घराबाहेर एकही रात्र काढली नव्हती. नातेवाइकांत बोलणे झाले तेव्हा महाबळेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली अशी अनेक ठिकाणे सुचवली गेली आणि त्यांपैकी कोठेही मुलांना न घेता जाण्याला कोणाचा आक्षेप नव्हता. इमॅजिकाचे नाव काढताच मात्र माझ्या नणंदेने मनापासून विचारले, “अगं, मुलांच्या जागी मुलांना सोडून कसं जाणार तुम्ही?” या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. वॉल्ट डिस्ने यांनी सांगून ठेवलेली एक आठवण मला माहीत होती. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या मुली मेरी-गो-राउंडवर बसत आणि ते स्वतः बाकावर बसून राहत. आईवडील आणि मुले यांना एकत्र मजा करता येईल अशी जागा असायला हवी, हा विचार त्यांना त्या बाकावर सुचला. पुढे 1955 साली डिस्नेलँड उघडले. अशी उद्याने मुळात बाकावरच्या पालकांचाही विचार करून घडली, हे लक्षात आल्यावर माझ्या मनातला संकोच पुष्कळसा कमी झाला, पण तो पूर्णपणे गेला असे मी म्हणणार नाही.

सर्वांत कठीण भाग होता मुलांना सांगण्याचा. आमचा पहिला बेत, लिहितानाही वाईट वाटते, खोटे बोलण्याचा होता. पतींना कार्यालयीन कामासाठी मुंबईला जायचे आहे आणि मीही बरोबर जात आहे, असे सांगायचे आम्ही ठरवले होते. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी तो बेत ऐकला आणि एवढेच म्हणाल्या, “मी मुलांशी खोटं बोलणार नाही. ती मलाच विचारत बसतील.” त्यांचे म्हणणे खरे होते. खोटे आम्ही बोलणार आणि ते दोन दिवस निभावायचे त्यांनी, हा अन्याय झाला असता. शिवाय मनगटावरचा कागदी पट्टा, ओले बूट, दूरध्वनीतली छायाचित्रे यांपैकी कशावरूनही नऊ वर्षांच्या मुलीला सगळे कळले असते, आणि मग पुढच्या प्रत्येक ‘कामाच्या’ प्रवासावर तिचा विश्वास उरला नसता.

जाण्याच्या तीन दिवस आधी, रविवारी दुपारी आम्ही दोघांनी तिला शेजारी बसवून सरळ सांगितले. ती काही क्षण गप्प राहिली आणि मग म्हणाली, “पण ते तर आमच्यासाठी असतं ना?” तिचे डोळे भरून आले होते. तिच्या बाबांनी तिला समजावण्याची घाई केली नाही. मागच्या वेळी आई आणि बाबा एकाही मोठ्या राइडवर एकत्र बसू शकले नव्हते, हे त्यांनी तिला आठवण करून दिले. आम्हाला एकमेकांबरोबर खेळायला आवडते आणि बरेच दिवसांत तसे खेळायला मिळालेले नाही, हेही सांगितले. मे महिन्याच्या सुट्टीत चौघे जाऊ, असे वचन आम्ही दिले आणि तिच्यासमोरच दिनदर्शिकेवर खूण केली. तिने रागाने ती खूण गडद केली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिचा प्रश्न होता, “मग तुम्ही नायट्रोवर बसणार?” हो म्हटल्यावर ती पुन्हा रुसली, पण तो रुसवा आता उंचीवर होता, आमच्यावर नव्हता. पाच वर्षांच्या धाकट्याला आदल्या संध्याकाळी सांगितले, कारण त्याच्यासाठी तीन दिवस म्हणजे फार मोठा काळ. तो डायनासोरांच्या नादात असतो. ‘राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर’ या राइडवर मागच्या वेळी तो घाबरून रडला होता. आता त्याने मला गंभीरपणे बजावले की राजासॉरस हा आपला भारतातला डायनासोर आहे आणि त्याला घाबरायचे नसते. त्याचे म्हणणे बरोबर आहे: त्याचे जीवाश्म गुजरातमधील रहिओली येथे सापडले आणि 2003 साली त्याला हे नाव दिले गेले.

मुले सोपवण्याच्या तयारीला माझा पूर्ण आठवडा गेला आणि ज्यांना असे जायचे असेल त्यांनी याच कामाला सर्वाधिक वेळ द्यावा, असे मला मनापासून वाटते. शाळेचा नियम असा की आईवडिलांव्यतिरिक्त कोणी मूल न्यायला आले तर आधी लेखी पत्र द्यावे लागते आणि त्या व्यक्तीने ओळखपत्र दाखवावे लागते. सासूबाईंच्या नावाचे पत्र मी दोन्ही मुलांच्या वर्गशिक्षिकांकडे वेगवेगळे दिले. व्हॅनवाल्या काकांना त्या दोन दिवसांत थोरलीला थेट दारापर्यंत सोडण्याची विनंती केली. औषधांच्या डब्यात मात्र मला एक धोका सापडला. तापाच्या पॅरासिटामॉल सिरपच्या दोन बाटल्या घरात होत्या. एकीच्या पाच मिलिलीटरमध्ये 120 मिलिग्रॅम औषध होते, तर दुसरीच्या तेवढ्याच मापात 250 मिलिग्रॅम. मला सवयीने कोणती कोणासाठी ते ठाऊक होते, पण रात्री दोन वाजता चष्मा शोधणाऱ्या आजीला ते कळणे शक्य नव्हते. मी बालरोगतज्ज्ञांकडून मुलांच्या आजच्या वजनानुसार मात्रा लिहून घेतली, जुनी बाटली टाकून दिली आणि उरलेल्या एकीवर मोठ्या अक्षरांत दोघांची नावे व मापे चिकटवली. आरोग्य विम्याची कार्डे, डॉक्टरांचा क्रमांक आणि आमच्या गैरहजेरीत उपचारांना संमती देणारे सहीचे पत्र एका पाकिटात घालून ते देवघरातल्या खणात ठेवले, कारण घरातली तीच एक जागा सासूबाई कधी विसरत नाहीत.

स्वतःच्या प्रकृतीचाही विचार करावा लागला. अशा राइड्सच्या दाराशी उच्च रक्तदाब, हृदयविकार, मान वा पाठीचे दुखणे आणि गर्भावस्था यांबद्दल सूचना लावलेल्या असतात आणि तरुणपणी आपण त्या वाचतही नाही. पती चव्वेचाळीस वर्षांचे आहेत व त्यांचा रक्तदाब सीमारेषेवर असतो. मला मानेचा त्रास होऊन गेला आहे. आम्ही दोघांनी आमच्या डॉक्टरांना राइडचे स्वरूप सांगून स्पष्ट विचारले. त्यांनी पतींचा रक्तदाब सलग पाच दिवस मोजायला लावला आणि मगच परवानगी दिली. मला त्यांनी डोके मागच्या आधाराला घट्ट टेकवून ठेवण्यास सांगितले, आणि गरगर फिरत झोके घेणाऱ्या राइड्स टाळण्यास सांगितले. वय वाढते तसे कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा अशा फिरण्याला पूर्वीसारखी जुळवून घेत नाही. त्यामुळे मी ‘स्क्रीम मशीन’ सोडून दिले आणि त्याची मला खंत वाटली नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला बुधवार निवडला होता. दिवाळीची सुट्टी संपलेली, शाळा सुरू, पाऊस केव्हाच थांबलेला. पावसाळ्यात उघड्यावरच्या राइड्स सरींमुळे मध्येच थांबवाव्या लागतात, तो प्रश्न नव्हता. सकाळी मुलांना शाळेत सोडून निघालो, द्रुतगती मार्गाने बोरघाट उतरलो आणि खोपोली-पाली रस्त्याला लागलो. पाठीमागच्या आसनांवर कोणी नसल्यामुळे गाडीत इतकी शांतता होती की लोणावळ्यापर्यंत आम्हाला बोलायला विषयच सुचला नाही.

नायट्रोपाशी आम्ही सर्वांत आधी गेलो, कारण उशीर केला तर माझा धीर सुटेल हे मला ठाऊक होते. या रोलर कोस्टरच्या डब्यांना पायाखाली तळ नसतो. खांद्यांवरून सुरक्षेचा दांडा येऊन घट्ट बसतो, तपासणी होते, मग स्थानकाची फरशी बाजूला सरकते आणि पाय हवेत लोंबकळू लागतात. त्या क्षणी पतींनी माझा हात धरला. चढण संथ असते; सुमारे 40 मीटर उंचीवर पोचताना समोर सह्याद्रीचे डोंगर, त्यांच्या कुशीतली वळणे आणि खाली पिवळे पडू लागलेले गवत दिसत होते, आणि मला एकाएकी जाणवले की या घटकेला माझ्यावर कोणाच्याही सुरक्षिततेची जबाबदारी नाही. पुढच्या पाच उलट्या वळणांत मी डोळे उघडे ठेवले. उतरल्यावर पती हसत होते, आणि ते तसे हसताना मी त्यांना थोरलीच्या जन्माआधी पाहिले होते. रांग छोटी होती; आम्ही पुन्हा जाऊन बसलो. त्यानंतर अंधारातून वेगाने नेणारी ‘डीप स्पेस’ झाली, भुताटकीच्या किल्ल्यातून नेणारी ‘सलीमगढ’ झाली, आणि ‘आय फॉर इंडिया’मध्ये उचललेल्या आसनांवरून पाय सोडून भारताची भूमी आकाशातून पाहताना आम्ही दोघेही पूर्णपणे गप्प होतो.

दुपारी चारच्या सुमारास लॉकर उघडला तेव्हा माझ्या दूरध्वनीवर सासूबाईंचे सहा चुकलेले फोन होते. पाकिटातले संमतीपत्र, ताप, पडणे, शाळेतून कोणी न पोचणे हे सर्व एका क्षणात डोळ्यांपुढून गेले. परत फोन लावला तर कळले की थोरलीची चित्रकलेची वही सापडत नव्हती आणि तिनेच आजीच्या फोनवरून सहा वेळा प्रयत्न केला होता. सर्व ठीक असूनही माझे हात बराच वेळ थरथरत राहिले. आमची चूक मला तेव्हा कळली: आम्ही दोघेही तासन्‌तास फोनशिवाय असणार हे ठाऊक असूनही घराजवळच्या तिसऱ्या माणसाला आम्ही सांगून ठेवले नव्हते. तिथूनच शेजारच्या काकूंना फोन करून मी त्यांना सर्व सांगितले आणि आजीला त्यांचा क्रमांक लिहून घ्यायला लावला. त्यानंतर दर तासाला एकदा फोन पाहायचे आम्ही ठरवले.

राजासॉरसच्या होडीत बसलो तेव्हा मात्र धाकट्याची फार आठवण आली. डायनासोर पाण्याकडे मान वळवतो त्या जागी मागच्या वेळी त्याने माझ्या कुशीत तोंड लपवले होते. आता माझ्या शेजारची जागा मोकळी होती आणि शेवटच्या उतारावर अंगावर पाणी उडाले तेव्हा मला हसू आणि रडू एकाच वेळी आले. पतींनी विचारले, “परत जायचं का घरी?” मी थोडा विचार करून नाही म्हटले, आणि ते उत्तर मी कोणालाही बरे वाटावे म्हणून दिले नव्हते.

रात्री उद्यानाला लागूनच असलेल्या नोव्होटेलमध्ये मुक्काम केला. घरी फोन सात वाजता करायचा, झोपायच्या वेळी नाही, हे सासूबाईंनीच सुचवले होते. झोपेच्या आधी आईचा आवाज ऐकला की लहान मुलाला ती नसल्याची जाणीव अधिक होते, असा त्यांचा अनुभव. तो खरा ठरला, धाकटा नेहमीच्या वेळेला झोपला. जेवताना आम्ही पहिला तासभर मुलांविषयीच बोललो. नंतर पतींनी त्यांच्या नोकरीत वर्षभर चाललेल्या ताणाविषयी सांगितले. त्यातले निम्मे मला माहीत नव्हते, कारण घरी त्यांनी ते सांगायला सुरुवात केली की कोणाचे तरी पाणी सांडते किंवा गृहपाठ राहिलेला असतो.

गुरुवारी सकाळी महडच्या वरदविनायकाचे दर्शन घेऊन दुपारपर्यंत घरी पोचलो आणि धाकट्याला शाळेतून आणायला मी स्वतः गेले. थोरली संध्याकाळी आली. तिने दप्तर ठेवले, हातपाय धुतले, बराच वेळ काही विचारले नाही, आणि मग बाबांपाशी जाऊन म्हणाली, “पाय खरंच लटकतात?” त्यांनी तिला सर्व सांगितले, फरशी सरकते तेही. ऐकून झाल्यावर ती पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि तिने स्वतःची उंची मोजून घेतली. टाचा तिने जमिनीलाच टेकवल्या होत्या.

सासूबाईंसाठी आम्ही साडी आणली होती. ती बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, “साडी राहू दे. दत्तजयंतीला मी माझ्या बहिणीबरोबर चार दिवस वाडीला जाणार आहे. तेव्हा मला फोन करून काही विचारायचं नाही.” पतींनी त्याच रात्री त्यांची दोन तिकिटे काढली.