काकूंनी विचारलं कुलपाचं

चाळीतल्या बायकांना एकत्र बसून गोधड्या शिवायला हॉल बांधायचाय, त्याचा प्लॅन मी काढलाय. त्यावरची मीटिंग तशी छान झाली. कुणी भांडलं नाही, हेच आपल्या चाळीत खूप. सगळ्यांचं बोलून झाल्यावर काकूंनी चष्मा वर करून प्लॅन बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "याला कुलूप असणार का गं?"

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

खिडक्या उत्तरेला घेतल्यात, सुईत दोरा ओवताना ऊन डोळ्यावर येऊ नये म्हणून. खाली कोबा, कारण गुळगुळीत टाइल्सवर तास-तासभर मांडी घालून बसवत नाही. गोधडी अंथरली की चारही कडांना बायका बसणार म्हणून मधला खांब इंजिनियरशी वाद घालून उडवला. आणि विचारलं काय, तर कुलूप! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आई असती तर… जाऊ दे.

माझ्या डोक्यात आनंदालय होतं ना. बांगलादेशात रुद्रपूरला आर्किटेक्ट ॲना हेरिंगरने माती-बांबूची बांधलीय ती इमारत, वास्तुकलेचा २०२० चा ओबेल पुरस्कार मिळालेली. खाली अपंगांसाठी केंद्र, वर बायकांचं शिवणकाम, आणि वळत वळत वर जाणारा रॅम्प. मुळात फक्त केंद्रच व्हायचं होतं, शिवणकाम नंतर आलं, मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं. किती वेळा बघितलेत तिचे फोटो. पण चावी कुणाकडे असते असा प्रश्न काही पडला नव्हता बुवा.

काकूंना पडला, कारण त्यांनी हॉल बघितलेत. हॉल म्हणजे चावी, चावी म्हणजे सेक्रेटरी, मग बारशा-साखरपुड्याचं भाडं आणि एरवी आत खुर्च्यांची थप्पी. आत्ता त्या गॅलरीत बसतात तिथे कुणाला विचारावं लागत नाही, पाणी भरायला निघालेली बाई पण हंडा खाली ठेवून दोन टाके घालून जाते, वर कुणाचं कुणाशी बिनसलंय तेही सांगून जाते. मला वाटत होतं मी यांना एकत्र आणणारे! हसूच आलं स्वतःचं.

बरं, दारच काढून टाकलं तर रात्री पत्त्यांचा अड्डा आणि पावसात कुत्री. म्हणून आता जिन्याकडची भिंत पाडून सरळ पडवी करतेय, दोन बाजूंनी उघडी, आणि कुलूप फक्त कपाटाला, कात्र्या आणि अर्धवट गोधड्या ठेवायला. चावी काकूंकडे. सेक्रेटरींना हे कोण सांगणार माहीत नाही, त्यांनी शटरचं कोटेशन मागवलंय म्हणे.