पोहरा पाण्याबाहेर आला की जड का होतो

दिवाळीत आजोळी गेलो होतो, सोबत नववीतली भाची. विहिरीवर मोटर आहे पण आज्जी प्यायचं पाणी अजून पोहऱ्यानेच काढते. भाचीने हौसेने दोर हातात घेतला, पोहरा बुडवला, ओढायला लागली आणि म्हणाली मामा हा तर हलकाच आहे, एवढं म्हणेपर्यंत पोहरा पाण्याच्या वर निघाला आणि दोर सर्रकन हातातून सुटला, धप्पकन पोहरा परत पाण्यात. तळहात लालबुंद.

तिला आर्किमिडीजचा नियम तोंडपाठ होता, वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर पाणी तिला वर लावतं. पण तिचा प्रश्न वेगळाच होता, "मामा, पाणी वर कशाला ढकलेल? त्याने खालीच दाबायला पाहिजे ना?"

फार भारी प्रश्न आहे हा, कारण बरेच जण नियम पाठ करतात आणि इथपर्यंत येतच नाहीत.

असं बघा, 10 सेंटीमीटर लांब, रुंद आणि उंच असा डबा घ्या, म्हणजे बरोबर 1 लिटरचा. तो पाण्यात इतका खाली धरा की झाकण 1 मीटर खोल जाईल. झाकणावर पाण्याचा जो खांब उभा राहिला तो 10 लिटरचा, म्हणजे 10 किलोचा भार खाली दाबतोय. तळ अजून 10 सेंटीमीटर खाली, तिथे तेवढ्याच जागेवर 11 किलोचा भार, आणि पाण्याचा दाब काही फक्त खालीच लागत नाही, एका खोलीवर तो सगळीकडून सारखाच लागतो, त्यामुळे तळाला तो वर रेटतो. बाजूचे दाब समोरासमोर, ते एकमेकांना फेडून टाकतात. वरून 10, खालून 11, उरला 1 किलो, तोही वरच्या दिशेने. आणि 1 लिटर पाण्याचं वजन? 1 किलोच! डबा 5 मीटर खाली नेला तर वरून 50 आणि खालून 51, फरक तोच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता पोहऱ्याचं सोपं झालं. आतलं 8 लिटर पाणी 8 किलोचंच, पण भोवतीचं पाणी त्याला तेवढंच वर उचलून धरतं, हाताला लागतं ते फक्त पोहऱ्याच्या पत्र्याचं वजन, तेही थोडं कमी. पाण्याबाहेर आला की तो आधार गेला.

मला आजोबांनी याच विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकवलं. छातीत हवा भरलेली असली की माणूस जवळपास तरंगतोच, पण डोकं पाण्याबाहेर काढलं की त्याचे चार-पाच किलो खाली ओढतात, आणि 5 लिटरचा भोपळा जवळजवळ तेवढंच उचलतो.

दाब खोलीवर असतो, पाणी किती साठलंय त्यावर नाही, हे तर घरोघरी कामाला येतं. आमच्या शॉवरला धार नव्हती म्हणून एका प्लंबरने 500 लिटरच्या जागी 1000 लिटरची टाकी बसवायला लावली, पाण्याची पातळी होती तिथेच राहिली, धारही तशीच, पैसे तेवढे गेले. टाकी उंच केली असती तर दर मीटरमागे दाब वाढला असता.

संध्याकाळी भाचीने पुन्हा दोर धरला. पोहऱ्याचा काठ पाण्याच्या वर दिसायला लागला तशी थांबली, एक पाय कठड्याला लावला, दोराला मनगटाजवळ पक्की पकड दिली आणि मग ओढलं. आज्जीने कळशी पुढे सरकवली.