ला फ्रान्स, १:१०० : नोंद सहावी, दोऱ्यांत अडकलो

‘ला फ्रान्स’ या १८८४ च्या फ्रेंच एअरशिपचं, म्हणजे इंजिनाने हवं तिकडे नेता येणाऱ्या लांबट फुग्याचं, शंभरपट लहान मॉडेल करतोय. मागच्या वेळी त्याचा सांगाडा दाखवला होता. त्यावर पतंगाचा ताव चिकटवला आणि पस्तावलो. खळ पातळ झाली होती. सुकताना कागद आवळला आणि पोटाकडे फासळ्यांमध्ये खड्डे पडले, उपाशी म्हशीच्या बरगड्यांसारखे. तेवढा भाग खरवडून परत केला. आता ५२ सेंमी लांब, ८.४ सेंमी व्यासाचं हे पोट टेबलावर ठेवलं की सुरळीत दिसतं. उजेडात धरू नका म्हणजे झालं.

पोटाखाली टांगायचा, माणसं बसायचा पाळणा मात्र पहिल्याच फटक्यात जमला. मूळ पाळणा ३३ मीटरचा, बांबूचा आणि वरून रेशीम लावलेला. मी उदबत्तीच्या काड्या वापरल्या. त्याही बांबूच्याच, त्यामुळे प्रामाणिकपणाचा एक गुण माझा. दोन दिवस खोलीत मोगऱ्याचा वास होता!

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: शार्ल रनार, फ्रेंच लष्करातला इंजिनियर, जन्म १८४७. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो लढला आणि पुढे पॅरिसजवळ शाले-मदाँच्या लष्करी फुगेशाळेचा सर्वेसर्वा झाला. ९ ऑगस्ट १८८४ ला तो आणि त्याचा लष्करातला सहकारी आर्तूर क्रेब्ज ‘ला फ्रान्स’ घेऊन उडाले, सुमारे ८ किमी फिरले आणि २३ मिनिटांनी निघाल्या जागी उतरले. त्याआधी एअरशिप उडाल्या नव्हत्या असं नाही. आंरी जिफार या फ्रेंच इंजिनियरची वाफेवरची १८५२ मध्येच उडाली होती, पण वाऱ्याविरुद्ध घरी परतणं तिला जमलं नव्हतं. रनारकडे साडेआठ अश्वशक्तीची विजेची मोटर होती आणि तिच्यासाठी ४३५ किलोची बॅटरी. एकूण सात उड्डाणांपैकी पाच वेळा ‘ला फ्रान्स’ परत जागेवर आली. वारा जोरात असला की मोटर हरायची, एवढाच हिशेब.

आता पाळणा पोटाला टांगणाऱ्या दोऱ्या. १:१०० ला एक सेंमी जाडीचा दोर म्हणजे ०.१ मिमी. शिवणाचा दोरा लावून पाहिला, पायजम्याची नाडी वाटली. कुठला दोर किती जाड हे शोधायला बसलो आणि तीन संध्याकाळी रनारच्या दुसऱ्याच उद्योगात गेल्या.

लष्करी फुग्यांसाठी तेव्हा ४२५ वेगवेगळ्या मापांचे दोर ठेवावे लागत. रनारने ते १७ वर आणले. युक्ती अशी की पुढचं माप ठरावीक बेरजेने नाही, ठरावीक गुणाकाराने वाढवायचं. पाच पायऱ्यांत दहापट हवं तर दर पायरीला साधारण १.६ ने गुणा: १, १.६, २.५, ४, ६.३, १०. मधे आणखी एकेक पायरी घाला, म्हणजे १.२५, २, ३.१५ वगैरे येतात.

हे वाचून उठलो आणि मीटरजवळचा बोर्ड उघडला. एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारी बटणं) १६, २५, ४० अँपिअरची, मेन ६३. इतकी वर्षं वाटायचं, ६३ कुणी काढलं, सरळ ६० का नाही? स्क्रूच्या डबीतही १.६, २, २.५. म्हणजे फुग्याचा दोर आवरणाऱ्या या कर्नलचं माप माझ्या भिंतीवर बसलंय. माझ्या मते हे काम त्या २३ मिनिटांपेक्षा मोठं. एअरशिपवाल्यांनी भांडायला यावं.

तर निर्णय: सगळ्या दोऱ्या तीनच मापांत, ०.१, ०.१६ आणि ०.२५. गरवायची बारीक तंगूस मागवली आहे. ती चकाकते, म्हणून आधी काळ्या चहात बुडवून बघणार. कुणी केलं असेल तर रंग धरतो का ते सांगा, नाहीतर चहा मीच पिईन.